कागद बाजूला ठेवल्यावर

"विशेषणं खोडा. 'दुर्दैवी', 'असहाय', 'हृदयद्रावक', सगळं खोडा. न्यायाधीशाला दार दाखवा, दारातून बाहेर पडणारा माणूस दाखवा. वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते त्याचं तो बघेल." अंधेरीत दर शनिवारी देवदत्त सर वकिलांना लिहायला शिकवतात. पहिल्या दिवशी एवढंच सांगतात आणि पंखा बंद करतात.

कुलुपवाडीच्या मागच्या भिंतीपलीकडे जंगल सुरू होतं. भरदुपारी तिथे भेकर भुंकतं. नवीन माणसाला वाटतं, कुत्रा.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. यावरचा विनोद तो स्वतःच करायचा, दुसऱ्याला करू द्यायचा नाही.

मालवणी गाऱ्हाण्यात एक जण देवापुढे बोलतो. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. वाक्य नीट ऐकू आलं नाही तरी म्हणायचं.

मुलुंडच्या शाळेतल्या चंद्रप्रकाश सरांनी सकाळच्या शाळेत शिकवणाऱ्या मानसीला विचारलं, "लग्न मे महिन्यात जमेल?" ती म्हणाली, "मला काय विचारता, कोर्टाला विचारा."

"मॅडम, तुमच्या कागदांत कलमं भरपूर आहेत. माणूस कुठे आहे?" हे न्यायाधीश दिशाला म्हणाले.

वाचन

रविवारी जेवणं झाल्यावर घरातल्या वकिलाने, दिशाने, चौघांना हॉलमध्ये बसवलं. आजोबा लवू आरामखुर्चीत, आजी नलिनी दाराजवळच्या स्टुलावर, वडील सुयोग आणि मानसीकाकू दिवाणावर. दिशाची आई हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होती.

निलेशकाका घरातून निघाला त्याला नऊ वर्षं झाली होती. सात वर्षं ज्याचा काहीच ठावठिकाणा नाही त्याला कायदा मेलेला धरतो, पण तसं धरा म्हणून कोर्टाला सांगावं लागतं. दावा त्याच्या बायकोचा, मानसीचा. न्यायाधीशांना आता आईचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. आणि नलिनी दोनदा दिंडोशीच्या कोर्टापर्यंत जाऊन, सही न करता, त्याच रिक्षाने परत आली होती. उद्या तिसरी वेळ. देवदत्त सर म्हणाले होते, चौथी मिळणार नाही.

"परीक्षा हा काय गो?" लवूने विचारलं.

"परीक्षा माझी आहे, आबा. मी वाचणार. मग कागद कपाटात ठेवणार. मग चहा. मग एकेकाने आत यायचं आणि काय ऐकलं ते सांगायचं. सरांची पद्धत आहे. घरच्यांना जे आठवतं तेवढंच जजला आठवणार. परत आलं ते ठेवायचं, नाही आलं ते खोडायचं."

"आणि मी झोपलो तर?"

"तर जजसुद्धा झोपणार असं समजायचं."

"फोन कशाला लावलायस?" सुयोगने विचारलं.

"रेकॉर्ड करतेय. आपलंच वाचन ऐकलं की कुठे बोअर होतं ते कळतं."

"बाप बँकेत, मुलगी आकाशवाणीवर," सुयोग म्हणाला. मानसी हसली. या घरात गेली दोन वर्षं या दोघांचं एक मत होतं: दावा लावायचा, मोकळं व्हायचं. नलिनीला ते ठाऊक होतं. म्हणून ती दिवाणाकडे बघत नव्हती.

दिशाने वाचायला सुरुवात केली.

«मी, नलिनी लवू परब, राहणार कुलुपवाडी, बोरिवली पूर्व, सत्यप्रतिज्ञेवर सांगते.»

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला.

"आबा, कोर्ट आहे ते."

"माका काय, हात दोन्हीकडे जोडूचेच."

«निलेश माझा धाकटा मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करी.»

व्हय म्हाराजा. आता सुयोगही चेष्टेने 'हं' म्हणू लागला, मग मानसीही.

«त्या मंगळवारी डब्यात पोळी आणि वालाची भाजी होती. डबा हातात घेऊन त्याने चपला घातल्या. तो जिना उतरू लागला. दुसऱ्या मजल्यापर्यंत मला त्याच्या पायांचा आवाज आला. त्यानंतर तो मला दिसला नाही. त्याच्याबद्दल कोणाकडून काही कळले नाही.»

दीड पान. एकही विशेषण नाही. दिशाने कागद कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली, तशी गरज नव्हती तरी.

परत सांगणे: मानसी, ओट्याजवळ

मानसीला वाटलं होतं हे सोपं असेल. तिने चहाची पातेली विसळत सुरुवात केली. दिशा दाराला टेकून वही धरून उभी होती. मधे बोलायचं नाही, मान हलवायची नाही, असाही सरांचा नियम होता.

"तो लिफ्टचं काम करायचा. डब्यात पोळी, वालाची भाजी. चपला घातल्या. पाय वाजले दुसऱ्या मजल्यापर्यंत." ती थांबली. "मग तो परत वर आला. दारात उभा राहिला आणि पाणी मागितलं. मग… मग दिसला नाही."

दिशाची पेन्सिल थांबली. मानसीने ते पाहिलं.

"हे तुला आईंनी सांगितलं ना?" मानसी हळू आवाजात म्हणाली. "परत आल्याचं. मला कधी बोलल्या नाहीत त्या. आणि दार त्यांनीच उघडलं, ते मात्र नाही लिहिलंस."

"काकू, आबांना पाठव," दिशा म्हणाली.

परत सांगणे: लवू

"डबो. वालाची भाजी. जिनो उतरलो, मगे जिन्यावरना मागे इलो. पाणी मागल्यान. दार उघडाच होता. बरा लिवलंस. माका झोप लागूक नाय, म्हणजे जजाक पण लागूची नाय."

परत सांगणे: सुयोग

"सगळं सांगत बसत नाही. एक सांगतो. ते परत येऊन पाणी मागतो ना, ते झकास जमलंय. अंगावर काटा आला." सुयोगने खरंच दंड चोळला. "फक्त एक सांग, हे तुला मानसीने सांगितलं का? दार तिनेच उघडलं असणार. मी अंघोळीला होतो. नऊ वर्षं एका घरात राहतोय आणि आम्हाला एका शब्दाने बोलली नाही यार ती."

दिशाने वहीत पाहिलं. तिने तीन वेळा तेच वाक्य लिहिलं होतं, आणि तिसऱ्या वेळी तिचं अक्षर बदललं होतं.

परत सांगणे: नलिनी

नलिनी आत आली नाही. ती स्टुलावरच बसून म्हणाली, सगळ्यांसमोर म्हणाली, "मधी काय होता ता माका सांगूची गरज नाय. निलेश मागे इलो, दारात उभो रवलो, पाणी मागल्यान. दार सुयोगान उघडल्यान. माझ्या तोंडात घातलंस ता बरा केलंस. पण अर्धाच घातलंस."

"मी?" सुयोग म्हणाला.

दिशाने कपाट उघडलं, दीड पान टेबलावर ठेवलं.

"वाचा. कोणीही वाचा. मी हे लिहिलेलंच नाहीये."

सुयोगने वाचलं. मग मानसीने. मानसीने कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"वाचलंस की पण," ती म्हणाली.

"नाही वाचलं."

"दिशा, आम्ही चौघं बहिरे आहोत का?" सुयोग म्हणाला. "आम्ही ऐकलं. तू सुचलं ते बोलून गेली असशील. होतं असं वाचताना."

"फोन लाव," मानसी म्हणाली.

ध्वनिमुद्रण

दिशाचा आवाज. घरचा पंखा. व्हय म्हाराजा. हं. हं. डबा, वालाची भाजी, चपला.

«दुसऱ्या मजल्यापर्यंत मला त्याच्या पायांचा आवाज आला.»

व्हय म्हाराजा. हं. हं.

मग काहीच नाही. पंखा फिरत होता तेवढाच. दिशाला वाचताना तिथे थांबल्याचं आठवत नव्हतं. पण फोनमध्ये ती थांबली होती, एखादं वाक्य बसेल इतकी.

मग लवूचा आवाज: व्हय म्हाराजा. सुयोगचा: हं. मानसीचा: हं. आणि चौथा, नलिनीचा, जी पूर्ण वाचनात एकदाही बोलली नव्हती: हो.

«त्यानंतर तो मला दिसला नाही.»

"परत लाव," सुयोग म्हणाला.

दिशाने परत लावलं. परत तसंच. सुयोगने फोन कानाला धरला आणि ती रिकामी जागा ऐकली. नंतर त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला.

"आपण कशाला 'हं' म्हटलं?" मानसीने विचारलं.

लवू खुर्चीत सरळ बसला. "गाऱ्हाण्याक बसलेलो माणूस बोललेल्याकच व्हय म्हणता," तो म्हणाला. "कोणतरी बोललो असतलो."

खिडकीबाहेर भेकर दोनदा भुंकलं. या घरात त्याकडे कोणी लक्ष देत नसे. आज सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

चहा, दुसऱ्यांदा

सुयोगला भीती वाटली की तो बारीकसारीक चौकशी करतो. बँकेत बावीस वर्षं त्याने तेच केलं होतं.

"ठीक आहे. समजा तो परत आला. दार कोणी उघडलं? आई म्हणते मी. मानसी म्हणते आई. मी म्हणतो मानसी. आबा म्हणतात उघडंच होतं. मी अंघोळीला होतो, हे पक्कं. मानसी, तू स्वयंपाकघरात होतीस. दाराच्या सगळ्यात जवळ तू."

"दादा, नऊ वर्षांनी तुम्ही मला हे विचारताय?"

"विचारायला काय झालं? त्याने पाणी मागितलं आणि कोणी दिलं नाही, एवढंच ना."

"तिका कित्याक धरतंस?" नलिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. चंद्रप्रकाशचं नाव या घरात ऐकू आल्यापासून नलिनी मानसीशी भाजी-आमटीपलीकडे बोलत नव्हती.

"तिना उघडल्यान नाय. मी पण नाय. कोणीच नाय उघडल्यान, म्हणान तर प्रत्येकाक दुसरो दिसता." ती दिशाकडे वळली. "तू लिही. निलेश मागे इलो. पण नुसता पाणी मागल्यान म्हणान सोडू नको. घरातना भायर पडलेलो माणूस जिन्यावरना मागे इलो तर तेका असोच परत धाडनत नाय. पाटार बसवतत. घोटभर पाणी देतत. मगे सोडतत. तसा लिही. बसलो, पाणी प्यालो, मगे गेलो. मी सही करतंय. उद्या. रिक्षेतना परत येवचंय नाय."

मानसीने आधी नलिनीकडे पाहिलं, मग दिशाकडे.

"लिही गं," ती म्हणाली. "आई सही करतायत."

"खोटं प्रतिज्ञापत्र?" सुयोग म्हणाला. "वाट लागेल. वकील कोण आहे, घरचीच. सनद जाईल पोरीची."

"कोण विचारणार आहे दादा? त्याला पाणी दिलं की नाही, यात कोर्टाचं काय जातंय? दोन वर्षं तुम्हीच म्हणत होतात ना, आईची सही मिळू दे, बाकीचं बघून घेऊ."

"असं बघून घेऊ नव्हतं म्हटलं."

दिशाने लॅपटॉप उघडला होता. बोलणं चालू असताना तिने ते टाइप करून टाकलं होतं, बोटं नेहमीपेक्षा जलद चालली होती.

«तो जिन्यावरून परत आला. दारात उभा राहून त्याने पाणी मागितले. मी त्याला पाटावर बसवले व पाणी दिले. पाणी पिऊन तो गेला.»

तिने आतापर्यंत लिहिलेल्यांत हा सगळ्यात चांगला परिच्छेद होता. दार होतं. माणूस होता. हातात भांडं होतं. सर वर्गात असला परिच्छेद फळ्यावर लिहून ठेवतात आणि कोणाचा ते सांगत नाहीत. न्यायाधीश हे वाचतील, चष्मा काढतील, आणि पुढचं पान उलटायच्या आधीच त्यांचं ठरलेलं असेल. काकू मोकळी होईल. आजीच्या मनासारखं होईल. ज्याने विरोध करावा असं समोर कोणी नाही.

आणि आजीला उद्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून म्हणावं लागेल, हे सगळं खरं आहे. ती म्हणेल. खरं वाटूनच म्हणेल. मग घरी येऊन रोज ते भांडं घासेल.

"मला हे नाही घालता येणार, आजी."

"मगे मी येवचंय नाय."

मानसी उठली. तिने ओढणी सारखी केली, जशी ती शाळेला निघताना करायची, पण गेली कुठेच नाही.

"मला पण ऐकू येतात पाय," ती म्हणाली. ती कोणाकडेच बघत नव्हती. "फक्त आज नाही. मी दुपारी घरी एकटी असते तेव्हा. दुसऱ्या मजल्यापासून वर येतात. दाराशी थांबतात. मी उघडत नाही. आई, मला चंद्रप्रकाशशी लग्न करायचंय म्हणून नाही उघडत असं नाही. उघडलं आणि तिथे कोणी नसलं तर मग काय करू, म्हणून नाही उघडत."

नलिनीने पदर तोंडाला लावला नाही, काही नाही. ती फक्त स्टुलावर बाजूला सरकली. स्टुलावर दुसऱ्याला जागा नव्हती, तरी सरकली.

परिच्छेद सहा

खोडलं: मी त्याला पाटावर बसवले व पाणी दिले.

खोडलं: पाणी पिऊन तो गेला.

खोडलं: त्याच्याबद्दल कोणाकडून काही कळले नाही. (हे चौघांपैकी कोणीही परत सांगितलं नव्हतं.)

परत घातलं: त्याच्याबद्दल कोणाकडून काही कळले नाही. (हे कायद्याला लागतं.)

खोडलं: आम्हाला अजूनही भास होतात. ('भास' हा शब्द डॉक्टरांचा.)

दिशाने नवा परिच्छेद उभं राहून वाचला. यावेळी फोन लावला नाही.

«आम्हा घरातल्या चौघांना आठवते की निलेश जिन्यावरून परत आला, दारात उभा राहिला आणि त्याने पाणी मागितले. तो परत आला नाही. आला असता, तर आमच्या रीतीप्रमाणे आम्ही त्याला बसवले असते, पाणी दिले असते आणि मग सोडले असते. ते करायचे राहिले आहे. नऊ वर्षांत ते करायची वेळ आली नाही.»

लवूने तोंड उघडलं आणि मिटलं. या वेळी कोणी 'व्हय' म्हटलं नाही.

"मधला वाक्य काढ," नलिनी म्हणाली.

"कुठलं?"

"तुका ठावक असा खयचा."

"ते काढलं तर बाकीचं खोटं होतं, आजी. आणि ते मी नाही म्हणायचं. तू म्हणायचंस."

"माझ्या तोंडात घालतंस."

"हो."

नलिनी उठली. तिने पुढचं दार उघडलं आणि उंबरठ्याच्या आत उभी राहिली. तिथून तिला जिन्याचं पहिलं वळण दिसत होतं, कठड्याचा उडालेला हिरवा रंग, खालच्या मजल्यावरचा दिव्याचा पिवळा तुकडा. दुपारी जिन्यात कोणी नसतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नंदूच्या घरची माणसं गावी गेली होती.

पाय वर येत होते.

चपलांचे. घाई नसलेले. दुसऱ्या मजल्यापर्यंत आले, आणि तिथे थांबले. कोणत्या दाराची बेल वाजली नाही. किल्ली फिरली नाही. नलिनीने मागे वळून पाहिलं नाही, पण तिला कळलं की मागे सगळे उभे राहिलेत, आणि सगळ्यांना ऐकू आलंय, कारण कोणीच विचारलं नाही, काय झालं.

ती थांबली. तिला वाटलं तर हाक मारता आली असती. त्याचं घरातलं नाव तिच्या जिभेवर होतं. नऊ वर्षं या दाराला तिने कडी लागू दिली नव्हती. कोणी लावली तर उठून काढायची. पाय आणखी एक पायरी चढले असते तर तिने काय केलं असतं, ते तिला माहीत नव्हतं. ते चढले नाहीत. उतरलेही नाहीत.

"निलेश परत इलो नाय," नलिनी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. जिन्याला ऐकू जाईल एवढाच होता.

तिने दार लावलं. कडी घातली. कडी गंजली होती, दोन्ही हातांनी ढकलावी लागली. सुयोग पुढे झाला, तर तिने त्याला कोपराने थांबवलं.

मग ती ओट्याकडे निघाली, आणि मानसीच्या जवळून जाताना म्हणाली, "मे म्हयन्यात लग्नाच्या हॉलात उकाडो लय होता. ह्या त्या मास्तराक सांग. सकाळचो मुहूर्त धरूक सांग."

मानसीने मान हलवली.

"दिशा, उद्या रिक्षा लवकर सांग. आणि ता वाक्य मोठ्या अक्षरात कर, माका चष्म्यान पण दिसणा नाय."

"सगळी अक्षरं एकाच मापाची लागतात, आजी."

"मगे वाचून दाखव तिथे. मी मागसून म्हणतंय."

दिशाने पान छापायला घातलं. लवू खुर्चीतून दाराकडे बघत होता, कडीकडे. सुयोगने टेबलावरचा उपडा फोन उचलला, रेकॉर्डिंग पुसायला बोट नेलं, आणि तसंच खिशात ठेवलं.

निलेश गेला त्या मंगळवारी इमारतीला पाणी आलं नव्हतं. सकाळी तो निघाला तेव्हा घरात प्यायलासुद्धा थेंब नव्हता, अंघोळीचं तर दूरच, आणि टँकर आला तो दुपारी.